बॉल पायथनचा श्वसनसंसर्ग : आवाज ओळखण्यापासून औषधापर्यंत

पाणदिवड

साप शिट्टीसारखा आवाज काढतोय, कोणतं अँटिबायोटिक देऊ, हा प्रश्न इथे बऱ्याच धाग्यांत विखुरलेला आहे आणि उत्तरंही तशीच विखुरलेली आहेत. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. बॉल पायथन या आफ्रिकेतल्या, पाळल्या जाणाऱ्या छोट्या अजगरापुरतंच लिहितो, कारण इथल्या बहुतेकांकडे तोच आहे. मुख्य म्हणणं एवढंच की इंजेक्शनाच्या आधी श्वासमार्गातल्या स्रावाचा नमुना घ्या, आणि नमुन्याच्याही आधी पेटीतलं तापमान मोजा. हा क्रम उलटला की आजार लांबतो.

आधी सापाची रचना. सापाला छातीचा पडदा नसतो. आपल्यासारखा जोरदार खोकून कफ बाहेर काढणं त्याला जमत नाही. बहुतेक सापांत उजवं फुप्फुसच कामाचं असतं. अजगरकुळात डावंही असतं, पण लहान. फुप्फुसाचा पुढचा भाग रक्तवाहिन्यांनी भरलेला आणि मागचा भाग म्हणजे जवळजवळ नुसती हवेची पिशवी. स्राव तिथे साचला की गुरुत्वाकर्षणाशिवाय बाहेर यायला वाट नाही. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट होतो. म्हणून ‘चार दिवस बघू, आपोआप जाईल’ हे सर्दी झालेल्या माणसाचं गणित इथे लावू नये.

लक्षणं साधारण ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने:

सुरुवातीला श्वास सोडताना बारीक ‘टिक’ किंवा बुडबुडा फुटल्यासारखा आवाज येतो. पेटी शांत असताना, साप हलत नसताना कान जवळ नेला तरच ऐकू येतो. पाण्याच्या भांड्यात तारेसारखा चिकट स्राव दिसतो, किंवा काचेवर वाळलेले डाग. पुढे नाकपुडीत बुडबुडे, खाणं बंद, घसा फुगलेला. त्यानंतर साप डोकं भिंतीला टेकवून वर धरून बसतो, म्हणजे स्राव खाली राहून श्वासाची वाट मोकळी होते. शेवटी विश्रांतीतही तोंड उघडं. या टप्प्यावर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्याची वेळ घ्यायची नाही.

आता आजार नसतानाचे आवाज. कात टाकण्याच्या आधीच्या दिवसांत नाकपुडीतली त्वचा सैल होते आणि शिट्टी वाजते. कात निघाली की थांबते. कात निघाल्यावरही थांबली नाही तर नाकपुडीत कातीची टोपी किंवा नारळाच्या काथ्याचा कण अडकला आहे का ते भिंगातून बघा. कोमट पाण्याने ओलसर केलेला कापूस टेकवून ती मऊ होते. चिमटा घालून ओढू नका. पाणी पिताना डोकं बुडवल्यावर एखादा बुडबुडा येतो, तोही आजार नव्हे. आणि भक्ष्य गिळल्यावरची जांभई म्हणजे जबडा जागेवर बसवणं. जांभई एकदोनदा येते. आजारी सापाचं तोंड उघडं *राहतं*.

तोंड तपासायचं तर एकाने अंग सगळीकडून आधार देऊन धरायचं आणि दुसऱ्याने ओठाच्या पुढच्या कडेने मऊ प्लॅस्टिकची पट्टी हळूच आत सरकवायची. धातूचा चमचा नको, दात तुटतात आणि तिथून तोंडाचा संसर्ग सुरू होतो. आतली त्वचा फिकट गुलाबी आणि ओलसर असावी. जिभेच्या म्यानाच्या वर श्वासनलिकेचं छिद्र उघडझाप करताना दिसतं. त्यातून फेस किंवा तार वर येत असेल तर संसर्ग खालच्या श्वासमार्गात आहे असं धरून चाला. धाप लागलेल्या सापावर मात्र हे घरी करू नका, त्या धडपडीने त्रास वाढतो.

हरणटोळ

उत्तम धागा. तापमानाचा भाग मी घेते.

बॉल पायथनसाठी उबदार बाजूच्या लपणाच्या (साप लपून बसतो त्या डब्याच्या) आत ३१–३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५–२७, रात्री कुठेही २४ च्या खाली नाही. संसर्गाची शंका आली की त्याच दिवसापासून रात्रीची घट बंद करायची. उबदार बाजू ३२, थंड बाजू २७–२८, चोवीस तास. सापाच्या पेशींची लढण्याची ताकद आणि औषधाचा निचरा दोन्ही शरीराच्या तापमानावर चालतात. थंड सापाला दिलेलं औषध नीट काम करत नाही, साचण्याची भीती वेगळी. पण सगळीच पेटी ३४ ला नेऊ नका. सापाला थंड बाजूला जाता आलं पाहिजे, नाहीतर पाणी कमी पडून स्राव आणखी घट्ट होतो.

काचेला चिकटवलेली गोल डायल फेकून द्या. प्रोबवाला (तारेच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल थर्मामीटर लपणाच्या आत जमिनीच्या पातळीला ठेवा. थर्मोस्टॅटचा (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा) प्रोब हललाय का ते रोज बघा; पाण्याच्या भांड्यात पडलेला प्रोब हीटरला भडकवतो आणि साप भाजतो.

आर्द्रतेबद्दल एक समज घट्ट बसला आहे की ‘ओलाव्यामुळे न्यूमोनिया होतो, पेटी कोरडी करा’. चूक. बॉल पायथनला ६०–८० टक्के आर्द्रता लागतेच. कोरड्या हवेत श्वासमार्गाची आतली त्वचा सुकते आणि जंतूंना वाट मिळते. त्रास होतो तो *थंड, ओली जमीन आणि कोंदलेली हवा* एकत्र आली की. रोज पाणी फवारून वरचा थर भिजवण्यापेक्षा नारळाच्या सालीच्या तुकड्यांच्या थरात कोपऱ्यांतून पाणी ओता. खालचा थर ओला, वरचा कोरडा.

आर्द्रतामापक खरा आहे का ते तपासायला बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, दलदल होईल इतकंच पाणी घाला. ते आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. ७५ टक्के दिसलं पाहिजे. ६८ दिसलं तर मापक ७ ने कमी दाखवतोय.

इथे इंग्लंडात हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा कोरडी पडते. पुण्या-मुंबईत उलट, पावसाळ्यात हवा ओली आणि गार. उन्हाळ्यात एसीच्या झोतासमोर ठेवलेली पेटी हाही एक नेहमीचा घोळ आहे.

गवत्या

वीज गेली तर? आमच्या भागात सहा-सहा तास जाते.

हरणटोळ

@गवत्या, पेटीभोवती गोधडी गुंडाळा, हवेची भोकं मोकळी ठेवा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीच्या *बाहेरून* टेकवा. आजारी सापासाठी हीटपॅड आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर घ्या. हीटपॅडचा भार कमी असतो, इन्व्हर्टरला जड जात नाही.

मांडूळ

व्यवसायाने पशुवैद्य आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करतो. पाणदिवड यांच्या ‘आधी नमुना’ला पूर्ण अनुमोदन. का ते सांगतो.

श्वसनसंसर्गात सापडणारे जंतू बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह (जीवाणूंचा एक मोठा गट) असतात: स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, एरोमोनास, प्रोटिअस, मॉर्गनेला. यातले बरेच निरोगी सापाच्या तोंडातही असतात. म्हणून नुसता तोंडाचा स्वॅब (कापसाच्या काडीने टिपलेला नमुना) कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीला) पाठवला तर काहीतरी उगवतंच आणि तेच कारण आहे असं वाटतं. खरा नमुना श्वासनलिकेतून घ्यायचा. निर्जंतुक नळी छिद्रातून आत सरकवून कोमट निर्जंतुक सलाइन, किलोमागे ५ ते १० मिली, आत सोडायचं, सापाला हलकेच फिरवायचं आणि परत ओढून घ्यायचं. सोडलं तेवढं परत येत नाही, थोडंच येतं, ते पुरतं. त्यातला एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघायला (पेशी, बुरशी, फुप्फुसातल्या कृमींची अंडी-अळ्या) आणि एक भाग कल्चर-सेन्सिटिव्हिटीला (जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायला). अँटिबायोटिकचा एक डोस आधी गेला असेल तर कल्चर कोरं येऊ शकतं आणि पुढची सगळी औषधयोजना अंदाजावर राहते.

एक्स-रे काढायचा तर एक फोटो आडव्या किरणाने, साप नैसर्गिक स्थितीत असताना. तरच द्रवाची पातळी दिसते. सीटी स्कॅन मिळाला तर त्याहून चांगलं.

औषधांत सापांसाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं ते सेफ्टाझिडीम, किलोमागे २० मिग्रॅ, दर ७२ तासांनी. हे अंतर सापांवरच्या १९८४ सालच्या अभ्यासातून आलं आहे आणि तो अभ्यास ३० अंशांवर ठेवलेल्या सापांवर होता. म्हणजे २४ अंशांच्या पेटीत हा आकडा लागू करता येत नाही. हरणटोळ यांचा मुद्दा इथे जोडून घ्या.

एन्रोफ्लॉक्सॅसिन दुसरं. ते अल्कधर्मी असल्याने स्नायूत जळजळतं, गाठ येते, कधी त्वचा काळी पडून गळते. लांब कोर्ससाठी मला ते आवडत नाही. कुत्र्याच्या हिशोबाने ते रोज दिलं जातं. सापात ते तसं देऊ नये. अमिकॅसिन मूत्रपिंडाला जड आहे. शरीरात पाणी कमी असलेल्या सापाला आधी द्रव देऊन मगच, आणि तेही कल्चरमध्ये गरज दिसली तर.

कोर्स साधारण ३ ते ६ आठवडे. तिसऱ्या इंजेक्शनानंतर आवाज थांबतो आणि मालक औषध थांबवतात. घट्ट पुवाचा गड्डा आत तसाच असतो, त्यातून आजार परत फिरतो आणि या वेळी जंतू त्या औषधाला दाद देत नाही.

कवड्या

डॉक्टरांनी घरी द्यायला सेफ्टाझिडीम दिलं आहे. साप १५०० ग्रॅम. डोस मिलीमध्ये कसा काढायचा ते तपासून द्याल का? आणि उरलेल्या औषधाचं काय?

मांडूळ

१.५ किलो × २० = ३० मिग्रॅ. १ ग्रॅमच्या कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घातलं तर जवळपास १०० मिग्रॅ प्रति मिली होतं, म्हणून ०.३ मिली. पण कुपी २५० मिग्रॅचीही मिळते आणि पाणी किती घातलं यावर सगळं अवलंबून. बाटलीवर ‘मिग्रॅ प्रति मिली’ लिहून दिल्याशिवाय दवाखाना सोडू नका. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला घ्या, अंदाजाने नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतात औषधाच्या दुकानात दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपीची ४० युनिटवाली आणि केशरी टोपीची १०० युनिटवाली. ०.३ मिली म्हणजे केशरीवर ३० ची खूण, लालवर १२ ची. लाल सिरिंजमध्ये ३० पर्यंत भरलं तर ०.७५ मिली जातं, म्हणजे अडीच पट डोस. अमिकॅसिनच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते. घेताना टोपीचा रंग आणि नळीवरचा आकडा दोन्ही बघा.

इंजेक्शन शरीराच्या पुढच्या तिसऱ्या भागात, पाठीच्या कण्याच्या शेजारच्या स्नायूत. सुई दोन खवल्यांच्या मधून, डोक्याच्या दिशेने तिरकी. प्रत्येक वेळी बाजू बदला आणि आधीच्या जागेपासून थोडं पुढेमागे सरका. मागच्या भागात न देण्याचं कारण असं की तिकडचं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं.

उरलेलं औषध एकेका डोसाच्या सिरिंजमध्ये भरून फ्रीझरमध्ये ठेवतात. ते किती काळ चालेल ही तारीख डॉक्टरांकडून सिरिंजवर लिहून घ्या. लागेल तेव्हा एकच काढा, खोलीच्या तापमानाला वितळू द्या. मायक्रोवेव्ह नाही, गरम पाणी नाही, परत गोठवणं नाही. वारंवार दार उघडणाऱ्या किंवा आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरच्या दारात ठेवू नका. पिवळसर झालेलं औषध चालतं का ते विचारून घ्या, पण गढूळ झालेलं थेट टाका.

कवड्या

आभार. हातात लाल टोपीचीच होती, बदलून आणतो.

धूळनागीण

नेब्युलायझरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून.

माणसांचा कॉम्प्रेसरवाला नेब्युलायझर चालतो. त्याचे थेंब ५ मायक्रॉनच्या आत असतात, म्हणून ते खाली पोहोचतात. वाफारा घेण्याचं यंत्र *अजिबात नाही*. त्यातून गरम वाफ येते आणि बंद टबात साप भाजतो. सापाच्या वेटोळ्यापेक्षा थोडा मोठा प्लॅस्टिकचा टब, तीन-चार भोकं, नळी एका भोकातून आत. ५ मिली ०.९ टक्के सलाइन, १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. टब आधी २८–३० अंशांवर आणा. झाल्यावर साप कोरड्या कापडाने टिपून उबदार पेटीत.

त्यात औषध घालायचं का हे डॉक्टर ठरवतील. एफ१० नावाचं जंतुनाशक १:२५० पातळ करून परदेशात नेब्युलायझरमध्ये वापरतात. ते मिळालं नाही म्हणून डेटॉल, सॅव्हलॉन किंवा दुसरं कोणतंही जंतुनाशक घालू नका. फुप्फुसाची त्वचा जळते.

एक काम बहुतेकांकडून राहतं. कप प्रत्येक वेळी धुऊन, उकळून पूर्ण वाळवायचा. ओल्या कपात स्यूडोमोनास वाढतो आणि तोच पुन्हा सापाच्या फुप्फुसात जातो.

आणि नेब्युलायझर हा आधार आहे, इंजेक्शनाचा पर्याय नाही. स्रावाने तुंबलेल्या भागात हवाच जात नाही, तिथे थेंब कसे जाणार?

गवत्या

घरात लहान मुलांना ओवा-कापराची पुरचुंडी हुंगायला देतात, तसं पेटीजवळ ठेवलं तर?

धूळनागीण

नको. कापूर, निलगिरी तेल, विक्स, ओव्याची धुरी, सगळं बाद. स्राव कमी होत नाही, श्वासमार्ग मात्र चिडतो. त्याच खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल, झुरळं मारायचा फवारा आणि फिनेलही बंद करा. उपचार चालू असेपर्यंत पेटीत भुसा किंवा काथ्या न ठेवता कोरा कागद अंथरा, त्यावर स्रावाचा डाग लगेच दिसतो. कागदाने आर्द्रता घसरते, म्हणून एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलसर शेवाळ ठेवा.

हरणटोळ

विषाणूचा मुद्दा राहिला आहे आणि तो टाळून चालणार नाही.

साप औषधाने सुधारतो, दोन महिन्यांनी परत तेच, पुन्हा औषध, पुन्हा सुधारणा, पुन्हा तेच. तापमान बरोबर, कोर्स पूर्ण, तरी हे चालू असेल तर निडोव्हायरसची पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी) चाचणी करा. सध्या याला सर्पेंटोव्हायरस असंही म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आजारी बॉल पायथनमध्ये तो प्रथम वर्णिला गेला. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका न्यूमोनिया झालेल्या भारतीय अजगरातही सापडला. २०१८ मध्ये निरोगी बॉल पायथनना हा विषाणू देऊन तोच श्वसनरोग घडवून दाखवला गेला, त्यामुळे तो निव्वळ सोबती आहे ही शंका संपली. तोंडाच्या आतला स्वॅब चाचणीला चालतो. त्यावर औषध नाही. अँटिबायोटिक फक्त मागून आलेल्या जंतूंना मारतं, म्हणून सुधारणा दिसते आणि टिकत नाही.

पॉझिटिव्ह साप बरा दिसला तरी दीर्घकाळ विषाणू सोडत राहू शकतो. त्याची खोली वेगळी, चिमटे-भांडी वेगळी, आणि काम करताना निरोगी साप आधी, हा सगळ्यात शेवटी. तो विकायचा नाही, प्रजननाला लावायचा नाही. या बाबतीत लपवाछपवी करणारे लोक आहेत आणि त्याची किंमत दुसऱ्याचे साप मोजतात. याबद्दल मला अजिबात सौम्यपणे बोलता येत नाही.

नवीन सापासाठी किमान ९० दिवस विलगीकरण, मी सहा महिने सुचवते. सुरुवातीला एक चाचणी आणि शेवटी एक. एका निगेटिव्हवर विसंबू नका.

गोचिडांसारखे दिसणारे काळे बारीक माइट्स असतील तर ते आधी घालवा. सापांवरचा हा माइट रक्त पितो आणि एरोमोनाससारखे जंतू एका सापावरून दुसऱ्यावर नेतो.

फुरसं

@सगळे, महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. वरचं सगळं परदेशी प्रजातींबद्दल आहे. आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि धामण, नाग, मांडूळ यांपैकी कोणताही देशी साप घरी ठेवता येत नाही. विहिरीतून किंवा शेतातून सोडवलेला अजगर तोंड उघडून श्वास घेत असेल तर घरी इंजेक्शन देण्याचा विचारही करू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बुडून पाणी फुप्फुसात गेलेलं असू शकतं, बरगड्या तुटलेल्या असू शकतात. भोकं असलेल्या डब्यात, सावलीत, शांत ठेवून सोपवा.

बॉल पायथन साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) करारात येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी. नोंद नाही म्हणून डॉक्टरकडे जायला घाबरणारे लोक असतात आणि साप घरीच दगावतो. नोंद आधीच करून ठेवा.

कवड्या

शेवटचा प्रश्न. खायला कधी द्यायचं? तीन आठवडे उपाशी आहे, घरचे काळजीत आहेत.

मांडूळ

चांगल्या वजनाचा प्रौढ बॉल पायथन तीन आठवडे सहज काढतो. वजनातली घट १० टक्क्यांच्या आत असेल (तुमच्याकडे १५० ग्रॅमपर्यंत) तर घाई नाही. तोंडात स्राव असताना भक्ष्य दिलं तर गिळताना तोच स्राव खाली ओढला जातो. जबरदस्तीने भरवणं तर नकोच. पाणी मात्र रोज ताजं. तोंडाची त्वचा चिकट वाटली किंवा कातडीला चुण्या पडल्या तर त्वचेखाली द्रव देण्यासाठी दवाखान्यात आणा.

आवाज पूर्ण बंद, तोंड स्वच्छ, आणि असे सलग दहा-बारा दिवस गेले की वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ७५ ग्रॅमच्या आसपासचा, गोठवून वितळवलेला उंदीर द्या. इंजेक्शनाच्या दिवशी नाही. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. उलटून टाकलं तर दोन आठवडे थांबा आणि मला नाही, तुमच्या डॉक्टरांना कळवा. कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी एक्स-रे परत काढून घ्या. आवाज नसला तरी काढा.